निवाडा न देणारा समीक्षक : शूझो ताकिगुची

१९४० साली तोक्योत जोआन मिरो या चित्रकारावर एक छोटेखानी पुस्तक निघालं. मिरो कातालोनियाचा. पॅरिसच्या कलावर्तुळात त्याचं चांगलं नाव झालं होतं, पण त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहावं असं तोवर ना पॅरिसमध्ये कुणाच्या मनात आलं होतं, ना बार्सिलोनात, ना न्यूयॉर्कमध्ये. जगातलं मिरोवरचं पहिलं पुस्तक आलं ते जपानी भाषेत. तेही जपान चीनशी युद्धात गुंतलेला असताना आणि छापील शब्दावरचा सरकारी पहारा दिवसेंदिवस कडक होत असताना. लेखकाचं वय छत्तीस. तोवर त्याने जपानबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी पोलिसांनी या लेखकाला उचललं. अतिवास्तववाद हे कम्युनिस्टांचंच एक अंग आहे आणि हा माणूस त्याचा जपानमधला प्रचारक आहे, असा त्यांचा संशय होता. सुमारे आठ महिने तो कोठडीत राहिला.

या लेखकाचं नाव शूझो ताकिगुची. समीक्षक म्हणजे चांगलं-वाईट ठरवणारा, गुण देणारा माणूस अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. विसाव्या शतकातल्या जपानी कलेवर ज्या समीक्षकाची सर्वांत खोल छाप पडली, त्याला मात्र गुण देण्यात कधी रस वाटला नाही. त्याने आयुष्यभर जागा करून दिली: आधी परक्या कल्पनांना आपल्या भाषेत, मग तरुण कलावंतांना आपल्या शहरात, आणि उतारवयात चक्क आपल्या राहत्या घरात. हे का आणि कसं घडलं, ते या प्रकरणात पाहू.

डॉक्टरांच्या घरातला मुलगा

ताकिगुचींचा जन्म ७ डिसेंबर १९०३ चा, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तोयामा प्रांतातल्या एका खेड्यात. तोयामा जपानभर प्रसिद्ध आहे ते फिरत्या औषधविक्रेत्यांसाठी. हे विक्रेते गावोगाव हिंडून घराघरांत औषधांची पेटी ठेवून जात, पुढच्या फेरीला येऊन पाहत आणि जेवढं औषध वापरलं गेलं असेल तेवढ्याचेच पैसे घेत. ताकिगुचींचं घराणंही पिढीजात वैद्यकीचं. मुलानेही डॉक्टर व्हावं ही घरची अपेक्षा ओघानेच आली. पण शूझो लहान असतानाच वडील गेले, विशीच्या आत आईही गेली. मागे अपेक्षा उरली, ती पुरी करवून घेणारं कुणी उरलं नाही.

१९२३ मध्ये तो तोक्योच्या केइओ विद्यापीठात दाखल झाला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला दुपारी बाराच्या सुमाराला कांतोचा महाभूकंप झाला. स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या; भूकंपापाठोपाठ आगी लागल्या आणि तोक्यो-योकोहामा परिसरात लाखाहून अधिक माणसं मेली. शूझोने शिक्षण सोडलं आणि उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, ओतारू या बंदराच्या गावी, बहिणीकडे गेला. तिथे भावंडांनी लेखनसामान आणि हस्तकलेच्या वस्तूंचं छोटं दुकान चालवलं. विल्यम ब्लेकने त्याला आधीच झपाटलेलं होतं. कविताही लिहायची, चित्रंही काढायची आणि दोन्ही एकाच पानावर छापायची, हा ब्लेकचा शिरस्ता त्याच्या मनात घर करून राहिला.

१९२५ मध्ये घरच्यांच्या आग्रहाने तो केइओत परतला. हे परतणं नेमकं वेळेवर झालं.

निशिवाकींच्या घरचा अड्डा

ऑक्सफर्डमध्ये शिकून आलेले जुंझाबुरो निशिवाकी त्याच सुमाराला केइओत इंग्रजी साहित्य शिकवू लागले. ते स्वतः कवी होते. युरोपातून येताना त्यांनी नव्या कवितेची पुस्तकं आणली होती आणि त्यांच्या घरी विद्यार्थ्यांचा अड्डा जमू लागला. पॅरिसमध्ये काय चाललंय, याची पहिली खबर ताकिगुचींना इथेच लागली.

पॅरिसमध्ये चाललं होतं ते थोडक्यात असं. आंद्रे ब्रेतों हा वैद्यकीचा विद्यार्थी पहिल्या महायुद्धात मानसोपचार केंद्रात कामाला होता. तोफगोळ्यांच्या धसक्याने भान हरपलेले सैनिक जे असंबद्ध बोलत, त्यातल्या प्रतिमा त्याला कवितेपेक्षा जिवंत वाटल्या. फ्रॉइडचे विचारही त्याच्या कानावर आले होते. १९१९ मध्ये त्याने मित्र फिलिप सूपोबरोबर एक प्रयोग केला: थांबायचं नाही, खोडायचं नाही, विचार करायचा नाही, हात जे लिहील ते लिहू द्यायचं. या स्वयंचलित लेखनातून १९२४ चा जाहीरनामा उभा राहिला. ब्रेतोंचा दावा होता की स्वप्न आणि जागेपण, तर्क आणि योगायोग यांच्यात आपण घातलेली भिंत कृत्रिम आहे. ती पाडली की जे दिसेल ते अधिक खरं वास्तव.

जपानमध्ये ही कल्पना आली तेव्हा अनेकांना ती एक नवी शैली वाटली. वितळणारी घड्याळं, डोकं नसलेले पुतळे, विचित्र शब्दांची जोडाजोड. ताकिगुचींनी ती वेगळ्या पद्धतीने घेतली. १९२७ च्या अखेरीस निशिवाकींच्या गोटातून जपानमधला पहिला अतिवास्तववादी म्हणावा असा कवितासंग्रह निघाला, त्यात ते होते. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या ‘शी तो शिरोन’ (‘कविता आणि काव्यविचार’) या त्रैमासिकातही ते लिहू लागले. या कवितांत ओळीमागून ओळ येते, व्याकरण शाबूत असतं, पण एका नामाला त्याचं नेहमीचं विशेषण मिळत नाही आणि क्रियापदाला नेहमीचा कर्ता मिळत नाही. वाचताना अर्थाची वाट पाहावी तर पुढची प्रतिमा येऊन आदळते. ते कवितेला कविता न म्हणता प्रयोग म्हणत. शास्त्रज्ञ प्रयोगाच्या निकालाशी प्रामाणिक राहतो, तो सुंदर आहे की नाही हे पाहत नाही. ताकिगुचींची भूमिका याच जातीची होती.

१९३० मध्ये त्यांनी ब्रेतोंच्या ‘अतिवास्तववाद आणि चित्रकला’ या पुस्तकाचं जपानी भाषांतर केलं. मूळ फ्रेंच पुस्तक १९२८ चं, म्हणजे जेमतेम दोन वर्षांत ते जपानीत आलं. चित्रकाराने बाहेरच्या जगाची नक्कल सोडावी आणि नमुना आपल्या आत शोधावा, हा त्यातला मुख्य विचार. तोक्योतले तरुण चित्रकार, ज्यांना फ्रेंचचा गंध नव्हता, त्यांना पिकासो, अर्न्स्ट, मिरो, मासों ही माणसं नेमकी काय करताहेत हे या पुस्तकातून उमगलं. विद्यापीठातून बाहेर पडण्याआधीच ताकिगुची कलासमीक्षक झाले ते असे, भाषांतराच्या वाटेने.

स्टुडिओतली नोकरी आणि फोटोंचं प्रदर्शन

पोटापाण्यासाठी १९३२ मध्ये त्यांनी पी. सी. एल. या चित्रपट कंपनीत नोकरी धरली. हीच कंपनी पुढे तोहो या चित्रपटसंस्थेत विलीन झाली. त्यांचं काम होतं चित्रीकरणाच्या वेळी प्रत्येक शॉटची नोंद ठेवण्याचं. आधीच्या शॉटमध्ये नटाच्या हातात कप डाव्या बाजूला होता की उजव्या, संवादाचा शेवटचा शब्द काय होता, हे सगळं टिपायचं. कवितेत ज्याने सगळी सलगता मोडीत काढली, त्याला दिवसभर पडद्यावरची सलगता सांभाळण्याचा पगार मिळत होता.

त्याच वर्षाच्या शेवटी पॅरिसच्या आधुनिक चित्रांचं एक मोठं प्रदर्शन तोक्योत आलं. मिरो, अर्न्स्ट, तांगी यांची मूळ चित्रं जपानी प्रेक्षकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. ताकिगुची ब्रेतों आणि फ्रेंच कवी एल्युआर यांच्याशी पत्रव्यवहार करत होते. १९३७ मध्ये नागोयाचा कवी चिरू यामानाका आणि त्यांनी मिळून परदेशी अतिवास्तववादी कलेचं प्रदर्शन भरवलं. तोक्योच्या गिंझा भागात ते लागलं आणि मग इतर शहरांत फिरलं. मूळ कृती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, बाकी सारी छायाचित्रं आणि छापील प्रती. पण पॅरिस-लंडनहून कवी-चित्रकारांनी स्वतः गोळा करून पाठवलेलं हे साहित्य होतं, आणि जपानभरच्या विद्यार्थ्यांनी ते अधाशासारखं पाहिलं. त्यानंतर गावोगाव विद्यार्थ्यांचे छोटे छोटे गट निघाले.

त्याच वर्षी त्यांच्या कविता आणि चित्रकार योशिफुमी आबेची रेखाचित्रं एकत्र घेऊन ‘पऱ्यांचं अंतर’ हा संच निघाला. १९३८ मध्ये ‘आधुनिक कला’ हे त्यांचं पुस्तक आलं, जे युद्धानंतरच्या पिढीने पाठ्यपुस्तकासारखं वापरलं. छायाचित्रणातही त्यांनी लक्ष घातलं. डार्करूममधल्या करामती करून फोटो विचित्र करण्याची तेव्हा टूम होती. ताकिगुचींचं सांगणं वेगळं होतं. कॅमेऱ्याला जे समोर आहे ते नीट पाहू द्या. शिंपला, दगड, भिंतीवरची भेग यांतच पुरेसं आश्चर्य भरलेलं आहे. वेगळेपणा वस्तूवर लादायचा नसतो, तो पाहणाऱ्याच्या नजरेने शोधायचा असतो. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज या एका विचारात आहे.

आठ महिने कोठडी

जपानमध्ये १९२५ पासून शांतता संरक्षण कायदा लागू होता. राज्यव्यवस्था किंवा खासगी मालमत्ता यांच्या विरोधात संघटना करणं हा त्याखाली गुन्हा, आणि तो हुडकायला ‘तोक्को’ हे खास पोलिसदल. आधी कम्युनिस्ट, मग समाजवादी, मग उदारमतवादी प्राध्यापक असा त्यांचा फास पसरत गेला. १९४० मध्ये कोबे शहरातल्या कवींची धरपकड झाली. त्याआधी, १९३८ मध्ये, ताकिगुचींनी मित्रांबरोबर ‘अवांगार्द छायाचित्र संघ’ काढला होता. ‘अवांगार्द’ (म्हणजे आघाडीवरचा) हा शब्द पोलिसांच्या डोळ्यांवर येतो म्हणून वर्षभरात त्याचं नाव बदलावं लागलं होतं.

१९४१ च्या वसंतात ताकिगुची आणि चित्रकार इचिरो फुकुझावा या दोघांना अटक झाली. पोलिसांच्या दृष्टीने धागा सरळ होता. ब्रेतों १९२७ मध्ये फ्रेंच कम्युनिस्ट पक्षात शिरला होता. ताकिगुची ब्रेतोंशी पत्रव्यवहार करत होते. म्हणजे ताकिगुची आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट जाळ्यातले. ब्रेतोंचं पक्षाशी केव्हाच फाटलं होतं आणि १९३८ मध्ये तो मेक्सिकोत स्टालिनच्या कट्टर विरोधकाला, त्रोत्स्कीला, भेटून आला होता, हा तपशील पोलिसांच्या हिशेबात बसणारा नव्हता. कोठडीत त्यांच्याकडून हाच संबंध कबूल करून घेण्याचा खटाटोप चालला. अखेर खटला न भरताच, सुमारे आठ महिन्यांनी, त्यांना सोडण्यात आलं.

सुटल्यावर ते नजरेखाली होते. अतिवास्तववादाबद्दल उघडपणे लिहिणं संपलं. अनेक आधुनिक चित्रकार या काळात लष्करासाठी युद्धचित्रं काढत होते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ताकिगुचींचं घर जळालं आणि जमवलेली पुस्तकं, कागदपत्रं गेली. दहा वर्षांत लिहिलेल्या कविता नियतकालिकांच्या जुन्या अंकांत विखुरलेल्या राहिल्या. त्यांचा संग्रह निघाला १९६७ मध्ये, ‘ताकिगुची शूझोचे काव्यप्रयोग, १९२७-१९३७’ या नावाने. कवीने तोवर साठी ओलांडली होती.

रंगांच्या दुकानातली गॅलरी

युद्धानंतर ताकिगुची वर्तमानपत्रांतून कलासमीक्षा लिहू लागले, आणि त्यांच्या शब्दाला वजन आलं. पण जपानी कलाजगताची एक अडचण शब्दांनी सुटणारी नव्हती. तिथल्या बहुतेक गॅलऱ्या भाड्याच्या होत्या. आठवड्याचं भाडं भरा आणि चित्रं लावा. भाडं परवडेल तोच कलावंत, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. दुसरी वाट मोठ्या कलासंघांची. तिथे ज्येष्ठांच्या मर्जीशिवाय आत शिरता येत नसे.

१९५१ मध्ये तोक्योच्या कांदा भागातल्या ताकेमिया या चित्रसाहित्याच्या दुकानाने आपली एक खोली प्रदर्शनांसाठी द्यायचं ठरवलं आणि कुणाची चित्रं लावायची हे सर्वस्वी ताकिगुचींवर सोपवलं. अटी साध्या. कलावंताने भाडं द्यायचं नाही, ताकिगुचींनी मानधन घ्यायचं नाही. निवड त्यांची, जबाबदारीही त्यांची. १९५७ मध्ये गॅलरी बंद होईपर्यंत तिथे २०८ प्रदर्शनं झाली. सहाएक वर्षांत २०८ म्हणजे वर्षाला तीस-पस्तीस. ब्रश आणि कॅनव्हास घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आत सहज डोकावता यायचं. नावही न ऐकलेल्या पोरांची कामं तिथे लागलेली असायची.

त्या पोरांपैकी एक होती मात्सुमोतो गावची यायोई कुसामा. ठिपके आणि जाळ्या यांच्या वेडाने भारलेली, घरच्यांचा विरोध पत्करून चित्रं काढणारी. ताकिगुचींनी तिच्याबद्दल लिहिलं, ताकेमियात तिचं प्रदर्शन लावलं. १९५७ मध्ये ती अमेरिकेला गेली आणि पुढे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कलावंतांपैकी एक झाली. सगळ्यांचंच असं झालं नाही. दोनशेच्या वर प्रदर्शनांतली बरीच नावं आज फक्त अभ्यासकांना माहीत आहेत. ताकिगुचींनी पैज लावावी तशी निवड केली नव्हती, त्यामुळे त्यांच्या लेखी यात हरजीत नव्हती.

प्रयोगशाळेचं नामकरण

१९५१ मध्येच विशीतल्या काही तरुणांचं टोळकं त्यांच्याभोवती जमलं. चित्रकार, संगीतकार, एक कवी, प्रकाशयोजनाकार, तंत्रज्ञ. कलाशाळेचा किंवा संगीतविद्यालयाचा शिक्का बहुतेकांवर नव्हताच. ताकिगुचींनी त्यांना नाव दिलं ‘जिक्केन कोबो’, म्हणजे प्रयोगाची कार्यशाळा. पिकासोच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने योमिउरी वृत्तपत्राने एक कार्यक्रम ठेवला होता. त्यात तोक्योच्या हिबिया सभागृहात या तरुणांनी ‘जगण्याचा आनंद’ हे नृत्यनाट्य सादर केलं, आणि तेच गटाचं पहिलं पाऊल ठरलं.

पुढची काही वर्षं या गटाने जे केलं, ते आजच्या भाषेत मल्टिमीडिया म्हणता येईल. १९५३ मध्ये त्यांनी स्लाइड्स आणि ध्वनिफीत एकमेकांशी जुळवून चालवणारं यंत्र वापरून प्रयोग सादर केले. हे यंत्र बनवणाऱ्या तोक्यो त्सुशिन कोग्यो या कंपनीला आज जग सोनी म्हणून ओळखतं. चित्रकाराने स्लाइड करायच्या, संगीतकाराने टेपवर आवाज रचायचे आणि दोन्ही अंधाऱ्या सभागृहात एकत्र सोडायचे. ताकिगुचींनी यातलं काही स्वतः केलं नाही, दिग्दर्शनही केलं नाही. ते येत, पाहत, ऐकत, आणि नंतर लिहीत.

गटातला एक पोरगा होता तोरु ताकेमित्सु, वय वीस-एकवीस. संगीताचं औपचारिक शिक्षण जवळपास नाही. त्याने ताकिगुचींची ‘पऱ्यांचं अंतर’ ही कविता वाचली आणि १९५१ मध्ये त्याच नावाची व्हायोलिन-पियानोची रचना केली. ‘अखंड विश्रांती’ या पियानोरचनेचं नावही ताकिगुचींच्या कवितेवरून. ताकेमित्सु पुढे विसाव्या शतकातल्या जपानचा सर्वांत मोठा संगीतकार ठरला. ज्या अतिवास्तववादापायी माणूस कोठडीत गेला, त्यातल्या युद्धाआधीच्या कविता युद्धानंतर अशा तऱ्हेने संगीतात उतरल्या, आणि कवी स्वतः नव्या कविता फारशा लिहीत नव्हता.

युरोपची फेरी आणि पेन खाली ठेवणं

१९५८ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनासाठी जपानचे प्रतिनिधी म्हणून ताकिगुची पहिल्यांदा परदेशी गेले. वय चौपन्न. काम आटोपून ते काही महिने युरोपात फिरले. पॅरिसमध्ये ब्रेतोंची भेट झाली. तीसेक वर्षं ज्याला वाचलं, ज्याचं भाषांतर केलं, ज्याच्या नावापायी तुरुंग पाहिला, तो माणूस समोर बसला होता. स्पेनच्या किनाऱ्यावर चित्रकार दालीच्या घरी गेले, तिथे फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ भेटला. हीच ओळख पुढे सर्वांत जास्त फळली.

परतल्यावर त्यांचं मन वर्तमानपत्री समीक्षेतून उडालं. आठवड्याला इतकी प्रदर्शनं पाहायची, इतक्या ओळींत त्यांची वासलात लावायची, हे त्यांना ओझं वाटू लागलं. नावाच्या शिखरावर असताना त्यांनी ते काम हळूहळू कमी केलं आणि वही घेऊन रेघा ओढायला बसले. लिहिण्यासाठी हात हलतो, पण अक्षर उमटण्याआधीच रेघ भलतीकडे वळते. ती जाईल तिकडे जाऊ द्यायची. तरुणपणीचं स्वयंचलित लेखन आता शब्दांशिवाय सुरू झालं होतं.

रेघांनंतर आली डेकॅल्कोमनी. ही पद्धत अतिवास्तववादी चित्रकार ऑस्कर दोमिंगेझने १९३० च्या दशकात लोकप्रिय केली. शाळेत वहीच्या पानावर शाईचा थेंब टाकून पान मिटण्याचा खेळ आपण सगळ्यांनी केलेला आहे. ही पद्धत त्या खेळाचीच थोरली बहीण. कागदावर पातळ रंग पसरायचा, वर दुसरा कागद ठेवायचा, तळव्याने दाबायचा आणि सोलून काढायचा. कागद सुटताना रंग ओढला जातो आणि शेवाळ, प्रवाळ, दऱ्याखोरी, फुप्फुसातल्या नळ्या असं काहीही उमटतं. दाब किती द्यायचा, कागद कुठल्या कोपऱ्यातून उचलायचा, रंग किती ओला असताना उचलायचा, एवढंच करणाऱ्याच्या हातात. बाकीचं काम रंग आणि कागद करतात. ताकिगुचींनी अशा शंभर कृतींची एक मालिका केली आणि १९६२ मध्ये ती प्रदर्शित केली. मोटरवर कागद फिरवून त्यावर पेन टेकवणं, ज्योतीने कागद जाळून आकार काढणं, असे उद्योगही चालू होतेच. चित्रकार म्हणवून घ्यायची त्यांना हौस नव्हती. कलाकृती होते तेव्हा नेमकं काय होतं, हे त्यांना हाताने समजून घ्यायचं होतं.

न उघडलेलं दुकान

तोक्योच्या निशिओचिआई भागातलं त्यांचं घर या काळात एक आगळं ठिकाण झालं. कलावंतांनी दिलेल्या कृती, दगड, शिंपले, खेळणी, बाटल्या, पत्रं यांनी खोली ठासून भरलेली. अंगणात ऑलिव्हचं झाड. त्याची फळं खारवून, बाटलीत भरून, ‘नोहाचे ऑलिव्ह’ अशी चिठ्ठी चिकटवून ते स्नेह्यांना देत. कुणी तरुण परदेशी निघाला की त्याच्यासाठी ते हाताने एक छोटी पुस्तिका तयार करत आणि तिला ‘लिबर्टी पासपोर्ट’ म्हणत. आत सरकारी शिक्का नाही. डेकॅल्कोमनी, रेघा आणि त्या माणसाला उद्देशून चार शब्द. ज्या माणसाला परदेशी पत्रं लिहिली म्हणून सरकारने कोंडलं होतं, तो आता स्वतःच्या सहीने पासपोर्ट वाटत होता.

या वस्तूंच्या गराड्यातूनच एक कल्पना निघाली: वस्तूंचं दुकान काढायचं. द्युशाँने १९२० च्या सुमाराला ‘रोज सेलावी’ असं बाईचं नाव धारण करून त्या नावाने कृती केल्या होत्या. ताकिगुचींनी दुकानाला ते नाव मागितलं आणि द्युशाँने होकार देऊन त्या नावाची आपल्या हातची सही पाठवली. तिची पाटी तयार झाली. दुकान मात्र कधीच उघडलं नाही. कृतज्ञता म्हणून ताकिगुचींनी द्युशाँच्या वचनांचं एक पुस्तक १९६८ मध्ये काढलं. जॅस्पर जॉन्स, तांगली यांच्यासारख्या कलावंतांनी त्याला हातभार लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये द्युशाँ गेला.

या घरात बसून ते जगापासून दूर गेले होते असं मात्र नाही. १९६३ मध्ये गेनपेई आकासेगावा या तरुण कलावंताने हजार येनच्या नोटेच्या एका बाजूच्या प्रती छापून कलाकृतीत वापरल्या. सरकारने त्याच्यावर खटला भरला. १९६६ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयात सुनावणी सुरू झाली तेव्हा कलावंताच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत साठी उलटलेले ताकिगुची होते. न्यायालयाच्या दालनात कलाकृती पुरावा म्हणून मांडल्या गेल्या आणि कला म्हणजे काय यावर वकील, न्यायाधीश आणि समीक्षक वाद घालू लागले. आकासेगावाला दोषी ठरवून तीन महिन्यांची निलंबित शिक्षा झाली. कला म्हणजे काय हे राज्याने ठरवण्याचा प्रयत्न ताकिगुचींनी आयुष्यात दोनदा पाहिला होता. पहिल्या वेळी त्यांना गप्प बसवण्यात आलं होतं. दुसऱ्या वेळी ते बोलले.

मिरोची भेट

१९६६ मध्येच मिरो आपल्या चित्रप्रदर्शनासाठी जपानला आला. आपल्यावरचं जगातलं पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला तो तेव्हा भेटला, पुस्तक निघाल्यावर सव्वीस वर्षांनी. दोघांनी एकत्र काम करायचं ठरवलं. १९७० मध्ये बार्सिलोनात ‘हातानं घडवलेल्या म्हणी’ हे पुस्तक निघालं: ताकिगुचींची छोटी, म्हणीसारखी वाक्यं आणि मिरोची चित्रं.

१ जुलै १९७९ रोजी, पंच्याहत्तराव्या वर्षी, ताकिगुचींचं निधन झालं. ताकेमित्सुने त्यांच्या स्मरणार्थ ‘मिटलेले डोळे’ ही पियानोरचना लिहिली. तोयामातल्या त्यांच्या समाधीवर द्युशाँच्या हातची ‘रोज सेलावी’ ही सही कोरलेली आहे. घरातल्या वस्तू तोयामाच्या कलासंग्रहालयाकडे गेल्या. पुस्तकं आणि कागदपत्रं तोक्योतल्या तामा कला विद्यापीठात आणि त्यांच्या जुन्या केइओत जपली आहेत.

कवी म्हणून ताकिगुचींचा मुख्य हिशेब दहा वर्षांत आणि एका संग्रहात आटोपतो. चित्रकार म्हणून त्यांनी स्वतःला मिरवलं नाही. सिद्धान्त म्हणावा असा कुठलाही ‘वाद’ त्यांच्या नावावर नाही. तरीही युद्धोत्तर जपानी चित्रकला, संगीत किंवा छायाचित्रण यांचा कुठलाही इतिहास उघडला तरी त्यांचं नाव टाळून पुढे जाता येत नाही. समीक्षकाची थोरवी त्याने किती जणांना नापास केलं यावरून मोजायची सवय आपल्याला आहे. त्याने जागा दिली नसती तर किती जणांची कामं भिंतीवर लागलीच नसती, हा प्रश्न विचारून पाहावा. ताकिगुचींच्या बाबतीत एका ताकेमिया गॅलरीपुरतंच उत्तर २०८ प्रदर्शनं असं आहे, आणि त्यांपैकी एकासाठीही त्यांनी पैसा घेतला नव्हता.